ऊठसूट कॅरेक्टर मारू नका, आणि मारायचंच असेल तर असं मारा

आमच्या आरपी, म्हणजे रोल-प्ले, ग्रुपवर मागच्या पावसाळ्यात एका महिन्यात नऊ कॅरेक्टर मेली. नियमित लिहिणारे आम्ही चौदा जण, त्यात नऊ, म्हणजे दर तीन-चार दिवसांनी कोणीतरी गेलंच. नववं कॅरेक्टर गेलं तेव्हा चॅनेलवर काय आलं तर दोन रडक्या इमोजी, एक "अरेरे", आणि त्याच्या खाली लगेच कोणीतरी विचारलं की उद्याचा सीन किती वाजता आहे. ज्या मुलीचं ते कॅरेक्टर होतं ती डोंबिवलीची, तिने दीड वर्ष ते चालवलं होतं आणि ऑफिसमधून येताना फास्ट लोकलमध्ये दाराजवळ उभं राहून एका हाताने तो मरणाचा सीन टाइप केला होता. रात्री तिचा मला मेसेज आला, ताई, कोणालाच काही वाटलं नाही का गं? मी बराच वेळ उत्तर दिलं नाही कारण खरं उत्तर हेच होतं की नाही वाटलं, आधीच्या आठ जणांसाठी वाटून संपलं होतं.

त्या रात्रीपासून मी याच्यावर विचार करतेय, आणि आता ग्रुपवर नवीन कोणी आलं की जे सांगते ते सगळं एकदा इथे नीट लिहून ठेवतेय. टेक्स्ट आरपी करणाऱ्यांसाठी आहे हे, म्हणजे डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सअॅपवर आपापलं कॅरेक्टर घेऊन सगळ्यांनी मिळून गोष्ट लिहिणारे आपण लोक. मॉड, म्हणजे ग्रुप सांभाळणारे, असाल तरी उपयोगी पडेल.

मरण एवढं स्वस्त का झालं

आधी हे समजून घ्या म्हणजे पुढचं पटेल. फाशांवर खेळतात त्या खेळांत कॅरेक्टरचं मरण खेळणाऱ्याच्या हातात नसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला, त्याच्या पाचव्या आवृत्तीत असं आहे की मार खाऊन तुमच्या कॅरेक्टरचे जीवनाचे गुण शून्यावर आले की ते लगेच मरत नाही, तुमची पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा, १० किंवा जास्त आलं तर एक यश, कमी आलं तर एक अपयश, तीन यशं आधी झाली तर जीव वाचला, तीन अपयशं आधी झाली तर गेला. १ आला तर दोन अपयशं एकदम, आणि २० आला तर माणूस डोळे उघडून उठतो. आता विचार करा, टेबलाभोवती बसलेले सगळे त्या फाशाकडे बघतायत, मध्ये कोणीतरी स्वतःची पाळी सोडून धावत जाऊन त्याला वाचवायला बघतंय. त्या मरणाला वजन येतं ते याच्यामुळे, की कोणालाच ते नको होतं आणि सगळ्यांनी ते अडवायचा प्रयत्न केला.

आपल्याकडे फासा नाही. मी लिहिलं "आणि तिने शेवटचा श्वास घेतला" की झालं, मेली. कोणाला काही टाकावं लागत नाही, कोणाला अडवता येत नाही, आणि मरणाऱ्याला त्या दिवसापुरतं अख्खं स्टेज मिळतं. फुकट मिळणारी आणि एवढं लक्ष वेधणारी गोष्ट दुसरी कुठलीच नाही आरपीमध्ये, त्यामुळे सगळे तिकडेच धावतात, त्यात कोणी वाईट आहे असं नाही.

लोक कॅरेक्टर का मारतात याची कारणं मी चार वर्षं मॉड म्हणून बघतेय. कंटाळा येतो, परीक्षा येते, ग्रुपमध्ये कोणाशी तरी खटकतं, नवीन कॅरेक्टरची आयडिया डोक्यात आलेली असते आणि जुनं मध्ये येतं. पण सगळ्यात जास्त वेळा कारण वेगळंच असतं आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. महिनाभर आपल्या पोस्टला कोणी उत्तर दिलेलं नसतं, तीनदा सीन सुरू केला आणि तिन्ही वेळा दुसरे कोणीतरी दुसरीकडे वळले, आणि मग वाटतं की आपण गेलो तर तरी बघतील का. हे मी अगदी मनापासून सांगतेय, तुम्हाला असं वाटत असेल तर कॅरेक्टर मारू नका, सरळ मॉडला किंवा ज्याच्यासोबत लिहायला आवडतं त्याला मेसेज करा की मला एक सीन हवाय, या आठवड्यात लिहशील का माझ्यासोबत. लाज वाटते, मला माहितीये, पण दहातल्या नऊ वेळा समोरचा "अरे हो ना, चल" म्हणतो. आणि मॉड लोकांनी आठवड्यातून एकदा चॅनेल वर-खाली करून बघायचं की कोणाच्या पोस्ट अनुत्तरित राहिल्यात. आमच्याकडची निम्मी मरणं या एका सवयीने टळली.

कावळ्याची परीक्षा

आता मुख्य गोष्ट. माझे आजोबा गेले तेव्हा दहाव्याला आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेवर गेलो होतो. पिंड ठेवला, कावळे आजूबाजूला होते, कठड्यावर बसून बघत होते, पण शिवेना एकही. अर्धा तास गेला. मग एकेकाने पुढे होऊन बोलायला सुरुवात केली, गावच्या घराचं बघू, आजीला एकटं ठेवणार नाही, आणि शेवटी माझा काका, जो आजोबांशी दोन वर्षं नीट बोलला नव्हता, तो म्हणाला की धाकट्याच्या लग्नाचं मी बघतो, आणि कावळा शिवला. तुम्ही याच्यावर विश्वास ठेवा नका ठेवू, पण त्या अर्ध्या तासात आम्हाला सगळ्यांना आजोबांचं काय अडकलं होतं ते कळलं आणि ते कोण पूर्ण करणार तेही ठरलं.

कॅरेक्टर मारायच्या आधी हेच करा. कागद घ्या, किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा, की या कॅरेक्टरच्या पिंडाला कावळा कशासाठी शिवणार नाही. एक तरी गोष्ट पाहिजे, आणि ती ठोस पाहिजे. "तिला प्रेम मिळालं नाही" हे चालणार नाही, याचं पुढे कोणी काय करणार? "तिने मावशीकडून तीन हजार उसने घेतलेत आणि मावशीच्या घरी कोणाला माहीत नाहीये" हे चालेल. "त्याने पोरीला शाळेत घालतो म्हणून शब्द दिलाय" हे चालेल. आणि मग त्याच्या खाली दुसरी ओळ, की हे काम ग्रुपमधलं कोणतं कॅरेक्टर उचलेल. नाव लिहा. नाव सुचत नसेल तर तुमचं कॅरेक्टर अजून मरायला तयार नाही, त्याचे ग्रुपमध्ये कोणाशी धागेच जुळले नाहीयेत, आणि अशा कॅरेक्टरच्या मरणाचं कोणाला काही वाटणार नाही हे तुम्हालाही आतून माहीत असतं.

हे मी काही नवीन सांगत नाहीये, महाभारतात बघा ना. अभिमन्यू तेराव्या दिवशी पडतो आणि लगेच अर्जुनाची प्रतिज्ञा, उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन नाहीतर अग्निप्रवेश करीन, म्हणजे चौदावा अख्खा दिवस त्या एका मरणाने भरून गेला, दोन्ही बाजूच्या झाडून सगळ्यांना काम मिळालं. कर्ण सतराव्या दिवशी जातो आणि युद्ध संपल्यावर कुंती सांगते की तो तुमचा थोरला भाऊ होता, तिथून युधिष्ठिर जो कोसळतो तो बराच काळ सावरतच नाही. आणि भीष्म तर दहाव्या दिवशीच पडले पण गेले उत्तरायण लागल्यावर, तोवर शरशय्येवर पडून त्यांनी जेवढं सांगितलं तेवढं उभं असताना कधी सांगितलं नव्हतं, शांतिपर्व आणि अनुशासनपर्व त्यानेच भरलीत. तीन मरणं, तिन्हींची कामं वेगळी. एकाने दुसऱ्याला पेटवलं, एकाने मागे गुपित सोडलं, एकाने मरायला वेळ घेतला. तुमच्या कॅरेक्टरचं मरण यातलं कुठलं काम करणार आहे ते आधी ठरवा, किंवा चौथं काही शोधा, पण काम पाहिजे.

"पण सेटिंगच तसं आहे ना ताई"

हे मला नेहमी ऐकावं लागतं कारण आमचं सेटिंग खरंच तसं आहे, १८९६ ची मुंबई, मांडवी, प्लेग. त्या नऊच्या नऊ जणांनी हेच सांगितलं होतं की प्लेग आहे म्हटल्यावर माणसं मरणारच ना. मग मी एक दिवस बसून सगळ्यांना त्या काळाबद्दल जे काही वाचलंय ते सांगितलं आणि विचारलं की यातलं किती आपण लिहिलंय.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. त्यानंतर काय काय झालं बघा. लोक बोचकी बांधून शहर सोडून निघाले, गिरण्यांना माणसं मिळेनात. आजारी माणसाला घरातून उचलून हॉस्पिटलात नेतात म्हणून लोक आजाऱ्यांना लपवायला लागले. तिथे नेऊन मारतात अशा अफवा उठल्या आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेला. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा आला, झडत्या, रेल्वेत प्रवाशांची तपासणी. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, दाटीची वस्ती पाडायची आणि रस्ते रुंद करायचे म्हणून, बीआयटी चाळी त्यातूनच आल्या, आपल्यातले दोघं तर अजून तिथेच राहतात.

आता सांगा, आजारी सासूला कोठीत लपवून बाहेर तपासणीवाल्यांशी हसून बोलणारी सून, हे कोणी लिहिलं होतं? कोणीच नाही. लस टोचून घ्यायची की नाही यावरून दोन भावांत भांडण? नाही. हॉस्पिटलवर दगड मारायला गेलेला आणि आठवड्याने स्वतःच्याच बायकोला तिथे घेऊन जावं लागलेला कामगार? नाही. आम्ही फक्त गाठ येते, ताप येतो, मरतो, हे नऊ वेळा लिहिलं होतं. प्लेगमध्ये माणसं मेली ती हजारोंनी, ते खरंच आहे आणि ते विसरायचं नाही, पण जी गोष्ट आपण लिहितो ती उरलेल्यांची असते, पळालेल्यांची, लपवणाऱ्यांची, अडकलेल्यांची. सेटिंग युद्धाचं असो, झॉम्बींचं असो, डाकूंचं असो, हा प्रश्न विचारा की इथे मरणाशिवाय आणखी काय काय होऊ शकतं, आणि ते आधी सगळं वापरून बघा. गर्दी मारायला एनपीसी, म्हणजे कोणाच्याच मालकीची नसलेली बारीकसारीक पात्रं, आहेत ना, शेजारच्या बिऱ्हाडातला म्हातारा गेला तरी भीती तेवढीच पसरते.

कॅरेक्टर सोडायचंय? गावी पाठवा

ज्यांना खरंच कॅरेक्टरचा कंटाळा आलाय किंवा ग्रुपमधूनच काही महिने सुट्टी हवीये त्यांच्यासाठी माझा सल्ला कायम एकच असतो. मुंबईत राहणाऱ्याला तर हे शिकवायलाच नको, आपल्याकडे माणूस नाहीसा होतो म्हणजे नव्वद टक्के वेळा तो गावी गेलेला असतो. आमच्या ग्रुपवर आधी गिरणगावचं सेटिंग होतं, १९८२ च्या संपाचं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार, आणि तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी जण कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले, काही दिवसांसाठी म्हणून, आणि बरेचसे परतले नाहीत. आमच्या एका मेंबरला बारावीसाठी आरपी सोडायची होती, त्याने त्याच्या कॅरेक्टरला रत्नागिरीकडे धाडलं, खोलीला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. त्याच्या मागे त्या कुलपावर आम्ही तीन महिने लिहिलं. भाडं कोण भरणार, खोली पोटभाडेकरूला द्यायची का, काकूंनी एकदा कुलूप उघडून आत काय बघितलं. मेला असता तर एक सीन झाला असता. आणि तो मुलगा परीक्षा देऊन परत आला तेव्हा कॅरेक्टर एसटीतून उतरलं, तेवढंच.

बदली, लग्न, दुबई, तुरुंग, मोठं भांडण होऊन घर सोडणं, सगळे रस्ते आहेत. मारलेल्याला परत आणायचं मात्र टाळा. शेरलॉक होम्सला १८९३ मध्ये मारलं आणि तो वाचला होता ही गोष्ट १९०३ मध्ये आली, मध्ये दहा वर्षं गेली आणि तेवढ्या काळात लोकांना त्याची आठवण काढायला वेळ मिळाला. आपण दहा दिवसांत परत आणतो, जुळा भाऊ काढतो, स्वप्न होतं म्हणतो. एकदा असं झालं की पुढच्या खऱ्या मरणालाही लोक म्हणतात, बघू, येईल परत.

ठरलंच असेल तर

बरं, कावळ्याच्या परीक्षेत पास झालात, काम उचलणारं कॅरेक्टर मिळालं, मरणच योग्य आहे असं मनापासून वाटतंय. छान. मी काही मरणाच्या विरोधात नाही, मला आठवणारे सगळ्यात चांगले सीन मरणाचेच आहेत, म्हणून तर ते जपून वापरावंसं वाटतं.

पहिल्यांदा ओओसी, म्हणजे गोष्टीच्या बाहेर, विचारा. ज्यांची कॅरेक्टर तुमच्या कॅरेक्टरची नवरा, आई, बहीण, जिवलग मित्र आहेत त्यांना खासगीत आधी सांगायचं. सरप्राइज द्यायची हौस सोडा, कारण दुसऱ्या बाजूला खरा माणूस बसलाय आणि कदाचित त्याच्या घरी मागच्याच महिन्यात कोणी गेलं असेल. आमच्याकडे एकदा नेमकं हेच झालं होतं, कॅरेक्टरच्या बापाला हार्ट अटॅक, आणि ते वाचणारीचे वडील आयसीयूत होते, ती त्यानंतर परत आलीच नाही ग्रुपवर. एक मेसेज टाकला असता तर टळलं असतं. दुसऱ्याचं कॅरेक्टर त्याच्या परवानगीशिवाय मारणं तर सोडूनच द्या, जखमीसुद्धा विचारूनच करायचं.

मग आमचा तीन पोस्टचा नियम, हा त्या फाशांवरूनच सुचला. मरणाची घटना सुरू झाली, गोळी लागली, ताप चढला, दरड कोसळली, की तुम्ही थांबायचं. इतरांच्या कमीत कमी तीन पोस्ट आल्याशिवाय शेवट लिहायचा नाही. त्या तीन पोस्टमध्ये ते धावतील, डॉक्टर आणतील, रडतील, भांडतील, काहीही. आणि त्यातली एखादी पोस्ट इतकी चांगली आली की तुम्हालाच वाटलं याने वाचायला पाहिजे, तर वाचवा. दोनदा झालंय आमच्याकडे असं. एका वाचलेल्या कॅरेक्टरचा पाय गेला आणि आता त्याच्याभोवतीच पूर्ण ग्रुपची गोष्ट फिरतेय.

सीन लिहिताना लांबलचक शेवटचं भाषण नको. मरणाऱ्या माणसाला दम नसतो, तो अर्धं वाक्य बोलतो, पाणी मागतो, गॅस बंद केला का विचारतो. मरण छोटं लिहा आणि मागचं मोठं लिहा, आणि मागच्यासाठी आपल्याकडे एवढं सगळं आहे की बाहेरून काही आणायची गरजच नाही. चाळीत कोणी गेलं की काय होतं आठवा. त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. कोणीतरी एकजण, बहुतेक ज्याचं घराशी फार सख्य नसतं तोच, सगळी धावपळ अंगावर घेतो, डॉक्टरचा दाखला, गाडी, सामान. जिन्यात चपलांचा ढीग. हळू आवाजात एकच प्रश्न फिरत असतो, किती वाजता नेणार, कारण कोकणातून कोणीतरी निघालंय आणि त्याच्यासाठी थांबायचं की नाही यावर मतभेद आहेत. लहान पोरांना शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर बसवतात पण आवाज बंद ठेवून. आजच्या काळातलं सेटिंग असेल तर मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, वॉर्ड ऑफिसच्या लायनीत उभं राहून फॉर्मवर आपल्याच माणसाचं नाव लिहिताना हात थांबतो, हा एक सीन मी स्वतः लिहिलाय आणि त्याला आलेली उत्तरं मी अजून वाचते. फोनमधला नंबर डिलीट करायचा की नाही. तिच्या नावाने आलेलं कुरिअर. हे सगळं इतर कॅरेक्टरना करायला मिळतं, प्रत्येकाला आपापला तुकडा.

आणि सुतक पाळा. आमच्या ग्रुपवर आता नियम आहे की एक मुख्य कॅरेक्टर गेलं की खरे तेरा दिवस दुसरं मुख्य कॅरेक्टर मरणार नाही, कितीही प्लॉट तयार असो. पहिल्यांदा काही जणांनी कुरकुर केली, मग त्यांनाच कळलं की त्यांच्या कॅरेक्टरच्या वेळी पण तेरा दिवस फक्त त्यांचे असणार आहेत. मरणाऱ्या खेळाडूनेही त्या तेरा दिवसांत नवीन कॅरेक्टर आणायचं नाही. तिसऱ्याच दिवशी नवीन हिरो घेऊन आलात तर बाकीचे शोक कोणाचा करणार?

बॅकस्टोरीतल्या, म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच्या, मरणाबद्दल थोडंसं, कारण तेही मरणच आहे. दर दुसरं नवीन कॅरेक्टर येतं ते आईवडील आधीच गेलेलं. कारण समजतं, घरचे नसले की कोणी अडवणारं नाही. पण मराठी सेटिंगमध्ये घरचे काढून टाकले तर राहतं काय हो? रात्री उशीर झाला की दारात उभी असलेली आई, स्थळ घेऊन येणारी आत्या, पैसे मागायला येणारा मामा, यांच्यातून रोजचे सीन निघतात. मी नवीन कॅरेक्टरच्या फॉर्ममध्ये आता लिहून टाकलंय की आईवडलांपैकी एकजण तरी जिवंत ठेवा, आणि शक्यतो त्याच खोलीत राहणारा ठेवा.

एक गोष्ट गंभीरपणे

कधीकधी मरणाचा सीन हा सीन नसतो. कॅरेक्टर स्वतःचा जीव घ्यायचं बोलायला लागलं, पुन्हा पुन्हा तेच लिहायला लागलं, आणि त्याची भाषा कॅरेक्टरची कमी आणि लिहिणाऱ्याची जास्त वाटायला लागली तर प्लॉट, नियम, तीन पोस्ट सगळं बाजूला ठेवा. चॅनेलवर काही बोलू नका, खासगीत मेसेज करा किंवा ओळख असेल तर फोनच करा, आणि सरळ विचारा, हे तुझ्याबद्दल आहे का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. आमच्या ग्रुपच्या वरच्या पिन केलेल्या मेसेजमध्ये हा नंबर आहे, तुमच्या ग्रुपवरही ठेवा. आणि असे सीन, आत्महत्येचे, आमच्याकडे लिहायचेच नाहीत असं ठरलंय. त्याने काही चांगलं लिखाण गेलं असेल तर जाऊ दे.

त्या डोंबिवलीच्या मुलीचं काय केलं ते सांगते, कारण तुमच्या ग्रुपवर आधीच मरणं होऊन गेली असतील तर तुम्हालाही हे करता येईल. तिचं कॅरेक्टर म्हणजे सगुणा, मांडवीतली सुईण. मी एक नवीन थ्रेड उघडला, नाव दिलं दहावा, आणि तिला सांगितलं की सगुणाचा कावळा कशाला अडलाय ते फक्त तू मला सांग, थ्रेडवर लिहू नकोस. तिने सांगितलं, सगुणाला लिहिता येत नव्हतं, तिने शेजारच्या मास्तरांकडून साताऱ्याच्या भावाला पत्र लिहून घेतलं होतं, सात वर्षं बोलणं नव्हतं त्यांच्यात, आणि ते पत्र तिने पाठवलंच नाही, तांदळाच्या डब्यात ठेवलं. मग आम्ही पिंड ठेवला आणि एकेक जण येऊन बोलायला लागला. तिने बाळंतपणं केलेल्या बायका आल्या, उधारीवाला वाणी आला, कोणीतरी म्हणालं तुझ्या शेळ्या मी बघते, कोणी म्हणालं तुझं भाडं माफ. कावळा शिवेना. चार दिवस चाललं हे, रोज रात्री अकरा-साडेअकराला लोक लिहायला यायचे, जे दोन महिने गायब होते तेही आले. पाचव्या दिवशी मास्तर चालवणाऱ्या मुलाने, त्याला काहीही माहीत नसताना, लिहिलं की मास्तर गर्दीच्या मागून पुढे आले, बराच वेळ गप्प उभे राहिले आणि म्हणाले, सगुणाबाई, ते पत्र मी नेऊन देतो.

तिने कावळ्याची पोस्ट टाकली तेव्हा ती कळवा-मुंब्र्याच्या मध्ये कुठेतरी लोकलमध्ये होती, मला म्हणाली, ताई, आजूबाजूच्या बायका बघत होत्या मी का रडतेय ते.

मास्तर अजून प्रवासातच आहेत. स्टेशनावर तपासणीसाठी दोन दिवस अडकले, पुण्याच्या पुढे बैलगाडी मिळाली, परवाच्या पोस्टमध्ये साताऱ्यात पोचलेत आणि भावाच्या घरासमोर उभे आहेत. भावाचं कॅरेक्टर कोण घेणार यावर सध्या ग्रुपवर तीन जण भांडतायत.